‘कशावरून?’ : एका प्रश्नाचे शिक्षण



गेल्या उन्हाळ्याच्या आरंभी एका सातवीपर्यंतच्या शाळेस भेट देण्याचा योग आला. शाळा नीटनेटकी, मुलांची उपस्थिती उत्तम, शिक्षक कष्टाळू. सहावीच्या वर्गात ‘आमच्या गावाची ओळख’ ह्या विषयावर मुलांनी केलेले लेखन मी पाहावयास घेतले. पहिलीच वही एका मुलाची होती. अक्षर वळणदार, भाषा शुद्ध, परिच्छेद प्रमाणबद्ध. गाव नदीच्या काठी वसलेले असून तिच्या बारमाही पाण्याने सारा परिसर हिरवागार झाला आहे, असा लेखनाचा आरंभ होता. गुरुजींनी त्यास दहांपैकी नऊ गुण दिले होते. त्याखालची वही एका मुलीची होती. अक्षर ओबडधोबड आणि वाक्ये अवघी सात. तिने लिहिले होते की, आमच्या गावाला नदी नाही, ओढा आहे. संक्रांतीनंतर तो आटतो. मग आई बंधाऱ्याजवळच्या विहिरीवरून पाणी आणते. तिला चार गुण होते आणि शेजारी तांबड्या शाईत ‘विस्तार करा’ असा शेरा होता. मी दोन्ही वह्यांवर सही केली आणि त्या मुलाची पाठ थोपटली.

परतताना गाडी गावाबाहेरच्या फरशीवरून निघाली. खाली ओढ्याचे पात्र ठणठणीत कोरडे पडले होते आणि त्यातील दगडगोट्यांतून गुरे चालली होती. त्या मुलीची सात वाक्ये मला तेव्हा आठवली. गाडी वळवून मी पुन्हा शाळेत गेलो व त्या मुलास जवळ बोलाविले.

‘बाळ, आपल्या गावाला नदी आहे का?’

‘नाही, सर.’

‘मग तू तसे लिहिलेस कसे?’

‘दादाच्या मोबाईलवर विचारलं होतं. त्यात तसं आलं होतं, सर.’

मुलगा रोज तो ओढा ओलांडून शाळेत येत होता. तरीही डोळ्यांनी पाहिलेले त्याने बाजूस ठेविले आणि पडद्यावर आलेले उतरवून काढले. पण दोष एकट्या त्याचाच म्हणावयाचा काय? त्याच्या गुरुजींनी तेच केले होते आणि त्यांच्या खाली सही करून मीही तेच केले होते. त्या दिवशी शेरेबुकात मी पहिली नोंद माझ्या स्वतःच्या चुकीची केली. प्रस्तुत पाठाचा उगम त्या नोंदीत आहे.

१. यंत्र उत्तर कसे देते?

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ नावाचे संभाषण करणारे यंत्र सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर त्याच जातीची अनेक यंत्रे आली आणि आज ती खेड्यातील साध्या भ्रमणध्वनीवरही मराठीत उत्तरे देतात. ह्या यंत्रांस ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ असे नाव पडल्यामुळे त्यांच्या आत कोणी सर्वज्ञ पंडित बसला आहे, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. म्हणून त्यांच्या कार्याची रीत शिक्षकाने प्रथम स्वतः समजून घ्यावयास हवी.

आपण परीक्षेत ‘रिकाम्या जागा भरा’ असा प्रश्न देतो. ‘सूर्य ...... दिशेस उगवतो’ हे वाक्य दिसताच मूल ‘पूर्व’ असे लिहिते. त्यासाठी पहाटे उठून सूर्य पाहिलाच पाहिजे असे नाही. हे यंत्र म्हणजे अशा रिकाम्या जागा भरण्यात अतिशय निष्णात झालेला विद्यार्थी होय. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर त्याच्याकडून गिरवून घेतलेला असतो. कोणत्या शब्दांमागून कोणते शब्द येण्याचा संभव अधिक, ह्याचे सूक्ष्म गणित त्यातून त्याच्या ठिकाणी तयार होते. पुढे माणसांना कोणती उत्तरे पसंत पडतात, ह्याचेही शिक्षण त्यास दिले जाते. मग प्रश्न विचारला की, ते एकेक शब्दखंड जोडीत उत्तर रचते.

आता त्या मुलाच्या वहीतील नदी कोठून आली, हे ध्यानात येईल. ‘माझे गाव’ ह्या विषयावरील शेकडो निबंधांत गाव नदीकाठीच वसलेले असते. यंत्राने त्या गावचा ओढा पाहिलेला नव्हता. त्याने निबंधांतील गाव पाहिले होते. रिकामी जागा दिसली आणि तेथे नदी भरली गेली.

येथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली ही की, यंत्राची बरीचशी उत्तरे बरोबर असतात. म्हणूनच चुकीचे उत्तर ओळखणे अवघड जाते. दुसरी गोष्ट अशी की, खरे सांगताना आणि खोटे सांगताना यंत्राचा सूर पुष्कळदा सारखाच ठाम असतो. चुकणारे मूल अडखळते, खाली पाहते. यंत्राच्या भाषेत अशी खूण क्वचितच मिळते. तिसरी गोष्ट म्हणजे, जगातील लिखित मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा व मराठीचा थोडा. त्यातही आपल्या लहानशा गावाविषयी कोणी काही लिहिलेले असण्याचा संभव त्याहून थोडा. सबब, विषय जितका आपल्या घराजवळचा, तितका यंत्राच्या चुकीचा धोका अधिक. अलीकडची काही यंत्रे उत्तरापूर्वी आंतरजालावरील पाने धुंडाळतात हे खरे. परंतु त्या पानांवर जे चूक असेल, ते उत्तरातही उतरते.

अशी फसगत केवळ लहान मुलांचीच होते असे नाही. न्यूयॉर्क येथील एका न्यायालयात वकिलांनी सादर केलेल्या निवेदनात जुन्या निवाड्यांचे दाखले दिलेले होते. शोध घेता ते निवाडे कधी झालेच नव्हते असे आढळून आले. ते यंत्राने रचलेले होते. वकिलाने ‘हे निवाडे खरे आहेत ना?’ असे त्याच यंत्राला विचारलेही होते आणि यंत्राने ‘होय’ म्हटले होते. जून २०२३ मध्ये न्यायालयाने पाच हजार डॉलर दंड ठोठाविला. साक्षीदाराच्या खरेपणाविषयी त्याच साक्षीदाराची साक्ष काढणे म्हणजे तपासणी नव्हे, हा धडा त्यातून घ्यावा.

२. यंत्र ‘आप्त’ आहे काय?

चिकित्सक विचार ही कल्पना परकी आहे, असे काहींना वाटते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई ह्यांनी १९१० साली ‘हाऊ वुई थिंक’ हा ग्रंथ लिहून समजुतीचा आधार तपासण्याच्या सवयीस शिक्षणात मोठे स्थान दिले, हे खरे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही चिकित्सक विचारावर भर दिलेला आहे. परंतु ‘हे कशावरून?’ ह्या प्रश्नाची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणे मानलेली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनी अग्नी पाहणे हे प्रत्यक्ष. डोंगरावरील धुरावरून अग्नी आहे असे जाणणे हे अनुमान. ठाऊक असलेल्या वस्तूच्या साम्यावरून अनोळखी वस्तू ओळखणे हे उपमान. आणि विश्वासू माणसाच्या सांगण्यावरून जाणणे हे शब्द.

मात्र वाटेल त्याचे बोलणे प्रमाण मानावे, असे त्या शास्त्राने म्हटलेले नाही. बोलणारा ‘आप्त’ असला पाहिजे. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ह्या कसोटीस यंत्र लावून पाहावे. त्याने ओढा पाहिला काय? नाही. खरे सांगण्याची तळमळ त्याला आहे काय? सत्यासाठी तळमळणारे मन त्याच्या ठिकाणी मानण्यास आधार नाही; त्याला शब्द जुळविण्याचे शिक्षण मिळालेले आहे. म्हणून यंत्राचे उत्तर हे प्रमाण नव्हे. ते केवळ एक विधान होय. विधानाचा अनादर करू नये, आणि तपासल्यावाचून स्वीकारही करू नये.

३. दोष कोठे आहे?

यंत्रावर बंदी घालावी, असा ह्याचा अर्थ नाही. तशी बंदी टिकणारही नाही. शिवाय प्रामाणिकपणे पाहिले तर हा रोग यंत्राबरोबर आलेला नाही. बाजारातील गाइडांतून उत्तरे उतरविणे, निबंध पाठ करणे, फळ्यावरचे जसेच्या तसे वहीत घेणे, हे सर्व आपल्या शाळांत फार पूर्वीपासून चालत आले आहे. मी स्वतः तरुण शिक्षक असताना मुलांकडून ‘माझे गाव’ पाठ करवून घेतले आहे आणि त्या निबंधातही नदी होती.

मुलांना आपण शब्दांनी काहीही सांगितले, तरी ती शिकतात आपल्या गुणदानापासून. वळणदार खोट्यास नऊ आणि ओबडधोबड खऱ्यास चार गुण मिळाले की, संपूर्ण वर्ग एक धडा न शिकविता शिकतो : पाहू नये, विचारू नये, शोभेल ते लिहावे. पुढच्या खेपेस ती मुलगीही ओढा खोडून नदी लिहिणार. यंत्राने तिचे काही नेले नसेल. तिचे पाहणे आपण नेलेले असेल. हे टाळावयाचे तर गुण कशाला द्यावयाचे, हे आपण आधी बदलावे.

४. पाठाचे टाचण

इयत्ता : पाचवी ते सातवी.
वेळ : तीन तासिका, मधली तासिका वर्गाबाहेर.
हेतू : कोणत्याही विधानाचा आधार विचारण्याची, तो शोधण्याची व आधार न मिळाल्यास तसे कबूल करण्याची सवय लावणे.
साहित्य : फळा, खडू, वह्या आणि शिक्षकाचा भ्रमणध्वनी. गावात संपर्कजाळे मिळत नसल्यास शिक्षकांनी अन्यत्र उत्तर मिळवून ते कागदावर उतरवून आणावे. मुलांच्या हाती भ्रमणध्वनी देण्याचे कारण नाही.

पहिली पायरी : विधाने मोजणे. ‘आमच्या गावाविषयी दहा वाक्ये लिही’ असे यंत्रास सांगावे आणि आलेली वाक्ये फळ्यावर क्रमांक घालून लिहावी. वाक्यातील एकेक विधान मुलांकडून सुटे करून घ्यावे. ‘गाव नदीकाठी असून येथील लोक प्रामुख्याने ऊस पिकवितात’ ह्या एका वाक्यात दोन विधाने आहेत, हे मुलांनी ओळखले पाहिजे. पुष्कळ खोटी विधाने खऱ्या विधानाच्या पाठीवर बसून येतात.

दुसरी पायरी : वाटण्या करणे. फळ्यावर चार रकाने आखावेत. ‘स्वतः पाहता येईल’, ‘जाणत्या माणसास विचारता येईल’, ‘लेखी नोंदीत सापडेल’ आणि ‘तपासता येणार नाही’. ओढ्यास पाणी आहे की नाही, हे पहिल्या रकान्यात. पूर्वी कोणती पिके घेत, हे दुसऱ्यात. शाळा कोणत्या साली सुरू झाली, हे तिसऱ्यात; त्यासाठी शाळेचे जनरल रजिस्टर व जुने दप्तर आहे. ‘येथील लोक अतिशय प्रेमळ आहेत’ हे वाक्य चौथ्यात. असे वाक्य ऐकावयास गोड लागते, परंतु त्यातून कोणतीच माहिती मिळत नाही, हे मुलांना येथे उमगते.

तिसरी पायरी : तपासणे. चार-पाच मुलांचे गट करावेत. एका गटाने शिक्षकांसमवेत ओढ्यापर्यंत जावे. दुसऱ्याने दोन वृद्धांना, परंतु वेगवेगळे, एकच प्रश्न विचारावा. तिसऱ्याने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात पूर्वकल्पना देऊन जावे. विहिरीकडे वा पाण्याकडे मुलांना एकटे पाठवू नये. कोणत्याही कुटुंबाविषयीची, जातीविषयीची अथवा देण्याघेण्याची माहिती हा तपासणीचा विषय करू नये, आणि मुलांची नावे वा छायाचित्रे यंत्रात घालू नयेत.

चौथी पायरी : निर्णय. प्रत्येक विधानापुढे खरे, खोटे किंवा ‘अद्याप ठाऊक नाही’ ह्यांपैकी एक शेरा लिहावा आणि त्याखाली ‘कशावरून?’ ह्याचे उत्तर. दोन वृद्धांनी दोन भिन्न साले सांगितली, तर घाई करू नये. दोन्ही लिहावी आणि ‘ठाऊक नाही’ असा शेरा मारावा. माझ्या मते संपूर्ण पाठातील सर्वांत मोलाचा क्षण हाच होय. आपल्या वर्गात ‘ठाऊक नाही’ म्हणणारे मूल खाली बसविले जाते. ह्या पाठात त्यास पूर्ण गुण मिळाले पाहिजेत.

पाचवी पायरी : पुनर्लेखन. तपासलेल्या विधानांवरूनच मुलांनी गावाची ओळख स्वतःच्या शब्दांत लिहावी. भाषा सुधारण्यास शिक्षकांनी साह्य करावे, पण मजकुरात भर घालू नये.

५. इतर विषयांत हाच प्रश्न

गणितात यंत्राने वा मित्राने दिलेले उत्तर पडताळण्यापूर्वी अंदाज करण्यास सांगावे. ४८ × ५२ म्हणजे ५० × ५० च्या, अर्थात २,५०० च्या जवळपास. मग २,४९६ हे उत्तर पटण्याजोगे आहे आणि २४,९६० हे नाही, हे गुणाकार मांडण्यापूर्वीच कळते.

भूगोलात ‘महाराष्ट्रात जिल्हे किती?’ असे विचारावे. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले तेव्हा ते २६ होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यावर ही संख्या ३६ झाली. जुन्या नकाशात ३५ आढळले, तर तो नकाशा खोटा नव्हे, जुना होय. माहितीस जन्मतारीख असते, म्हणून ‘कशावरून?’ बरोबर ‘केव्हाचे?’ असेही विचारावयास शिकवावे. अशा पडताळणीसाठी पाठ्यपुस्तक, ॲटलास आणि मराठी विश्वकोश ही साधने शिक्षकांच्या हाताशी असावीत. विश्वकोश आता आंतरजालावरही वाचावयास मिळतो.

विज्ञानात प्रश्न उलट दिशेनेही विचारावा. साप दूध पितो, असे गावात सर्रास सांगतात. यंत्र कदाचित ते नाकारील. येथे यंत्र बरोबर आहे : उंदीर, बेडूक, पाली असे जीव हे सापाचे अन्न होय, दूध हे त्याचे अन्न नव्हे. म्हणजे ‘कशावरून?’ हा प्रश्न यंत्राच्या विरुद्ध नाही. तो गाइडास, वर्तमानपत्रास, गावच्या समजुतीस आणि शिक्षकासही लागू आहे. ज्या शिक्षकास हा प्रश्न आपल्या वर्गात ऐकावयास आवडणार नाही, त्याने हा पाठ घेऊ नये. कारण मुले तो लवकरच त्यालाही विचारतील.

मात्र रीत शिकवावी. आपल्या घरांत वडीलधाऱ्यांना ‘कशावरून?’ असे विचारणे उद्धटपणाचे ठरते. मुलांना सांगावे की, ‘आजोबा, हे तुम्हांला कसे समजले?’ असे विचारावे. बहुतेक आजोबांना हा प्रश्न आवडतो. खोटे पाडण्यासाठी विचारलेला प्रश्न निराळा आणि समजून घेण्यासाठी विचारलेला निराळा, हा भेद मूल आपल्या स्वरावरून शिकते.

६. प्रश्न न विचारला गेला तर

हा सगळा खटाटोप निबंधातील एका नदीसाठी आहे काय, असे कोणी म्हणेल. त्यांना धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या राईनपाडा गावाचे स्मरण द्यावेसे वाटते. १ जुलै २०१८ रोजी त्या गावी आठवड्याच्या बाजारात आलेल्या, भिक्षेवर गुजराण करणाऱ्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा तेव्हा भ्रमणध्वनीवरील संदेशांतून पसरली होती. ती माणसे निरपराध होती. त्या जमावात कधी ना कधी शाळेत गेलेली माणसे नसतील, असे कोण म्हणेल? त्यांना वाचता येत होते. म्हणून तर संदेश पोहोचला. वाचलेल्यास ‘कशावरून?’ असे विचारण्याची सवय मात्र नव्हती.

त्या वेळी केवळ शब्द व जुनी चित्रफीत पुरेशी ठरत असे. आज यंत्राच्या साह्याने कोणाच्याही आवाजात न बोललेले बोल घालता येतात आणि न घडलेल्या घटनेचे चित्र तयार करता येते. ‘मी डोळ्यांनी पाहिले’ ह्या वाक्याचा अर्थ आता ‘मी पडद्यावर पाहिले’ असा तर नाही ना, हे विचारावे लागेल. आज सहावीत असलेले मूल दहा वर्षांनी बाजारात उभे असेल, त्याच्या खिशात भ्रमणध्वनी असेल आणि कोणी तरी त्याला काही तरी दाखवील. त्या क्षणी त्याचे गुरुजी तेथे नसतील. त्यांनी लावलेली सवय तेवढी असेल.

७. मूल्यमापन

ह्या पाठापुरते गुणदान पुढीलप्रमाणे करावे. दहांपैकी पाच गुण विधानांच्या आधारासाठी, दोन गुण ‘ठाऊक नाही’ हे योग्य जागी कबूल करण्यासाठी, दोन गुण स्वतःच्या शब्दांसाठी व एक गुण अक्षर आणि टापटीप ह्यांसाठी. ह्या प्रमाणाने त्या दोन वह्या पुन्हा तपासून पाहाव्यात, अशी विनंती मी त्या गुरुजींस केली. त्यांनी ती आनंदाने मान्य केली आणि वर्गासमोर त्या मुलीस तिची सात वाक्ये मोठ्याने वाचावयास सांगितली. ती वाचीत असताना मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, ‘संक्रांतीनंतर नाही, यंदा त्याच्या आधीच आटला होता.’ गुरुजींनी लगेच विचारले, ‘कशावरून?’ मुलगा म्हणाला, ‘आमची म्हैस तिथंच पाण्यावर न्यायचो, संक्रांतीच्या आधीच दुसरीकडं न्यावी लागली.’ त्या वर्गातील पहिला खरा पाठ मी तेथे पाहिला. तो मी शिकविलेला नव्हता.

सर्व शिक्षकांस विनंती की, पुढील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेपूर्वी हा पाठ एकदा घ्यावा आणि परिषदेस येताना मुलांनी भरलेला चार रकान्यांचा एक तक्ता सोबत आणावा. यंत्राचे कोणते विधान खोटे ठरले, तेवढेच नव्हे. आपण स्वतः कोणते विधान आजवर तपासल्यावाचून शिकवीत आलो, तेही त्यावर एका ओळीत लिहावे. माझी ओळ मी घेऊन येईन.